अर्धवट सोडता येणारं काम

'टाकाऊतून टिकाऊ' ही शब्दजोडी मराठी घरात वाढलेल्या कुणालाही परकी नाही. जुन्या बांगड्यांचं तोरण, लग्नपत्रिकांची फुलं, विटलेल्या साड्यांची गोधडी, रिकाम्या बाटलीवर रंगवलेली वारली माणसं. शाळेच्या हस्तकलेच्या तासाला, महिला मंडळाच्या स्पर्धेत, मासिकाच्या मागच्या पानांत हे सगळं असायचंच. त्यातल्या वस्तू मला कधी फारशा आवडल्या नाहीत (बांगड्यांचं तोरण वर्षभर धूळ खातं आणि ती धूळ पुसायचं आणखी एक काम वाढतं), पण त्या शब्दांत घराविषयीचं एक मत दडलेलं आहे, आणि ते हल्ली मला स्वस्थ बसू देत नाही. घरात बसून टिकेल अशी वस्तू केली तर ती कला, तिचं कौतुक. पोळ्या, केर, धुणं यांतलं संध्याकाळपर्यंत काहीच उरत नाही, म्हणून ते नुसतं काम.

हे डोक्यात घोळायला लागलं ते विणता विणता. दिल्लीची थंडी खरोखरची असते. डिसेंबर-जानेवारीत गच्चीवरच्या उन्हात बसलं की हाताला काहीतरी लागतं. मटार सोलून झाले की सुया. सध्या माझ्याकडे तीन गोष्टी सुरू आहेत. एक राखाडी कार्डिगन, ज्याची पाठ झाली आहे आणि डावी बाही मुंढ्याशी येऊन थांबली आहे. दुसरं उरल्यासुरल्या लोकरीच्या चौकोनांचं पांघरूण, ते चार वर्षं चाललं आहे आणि आणखी चार चालेल. तिसरं पुण्याच्या भाचीच्या होणाऱ्या बाळासाठी एक छोटं जॅकेट. पुण्याच्या थंडीत ते बाळाला जेमतेम पंधरा दिवस घालायला मिळेल, पण विणायला मजेचं आहे. सगळं सुलट टाक्यांचं, एकसंध विणायचं. विणून झाल्यावर हातात येतो एक वेडावाकडा तुकडा, ज्याला ना पुढा ना पाठ. मग तो एका विशिष्ट तऱ्हेने दुमडून खांद्यांवर दोनच शिवणी घातल्या की त्याचं जॅकेट होतं.

हे जॅकेट एलिझाबेथ झिमरमन या बाईंनी १९६८ साली रचलं. जन्माने इंग्रज, नंतर अमेरिकेत विस्कॉन्सिनला स्थायिक झालेल्या. त्यांचं 'निटिंग विदाउट टिअर्स' हे पुस्तक १९७१चं. त्याच वर्षी अमेरिकेतच आलेलं दुसरं एक पुस्तक मी सोबत वाचते आहे: एडिथ शेफर यांचं 'हिडन आर्ट', घरातल्या दडलेल्या कलेविषयीचं. दोघींच्या विषयांना एकमेकींचा शेजार आहे, पण स्वभाव इतका वेगळा की एकीकडून दुसरीकडे जाताना दर वेळी मला घर बदलल्यासारखं वाटतं.

झिमरमनबाईंचा सगळा भर विणणारीला दुसऱ्याच्या लेखी नमुन्यापासून सोडवण्यावर आहे. त्यांनी एक टक्केवारी बसवली. छातीचा घेर घ्या, एका इंचात तुमच्या हाताने किती टाके बसतात ते मोजा, गुणाकार करा. तो आकडा म्हणजे शंभर टक्के. मनगटाला त्याचे साधारण वीस टक्के, गळ्याला चाळीस. बाकीचं तुम्ही ठरवा. इंदूरला आमची आत्या हेच वितीने आणि बोटांनी करायची. तिने आयुष्यात छापील नमुना वापरला नाही. बसमध्ये समोरच्या बाईच्या अंगावरची वीण दोन स्टॉप पाहिली की घरी येऊन उतरवायची. माझ्या दिल्लीच्या शेजारणीही तशाच. त्या टाक्याला फंदा म्हणतात, सुयांना सलाई, आणि मनाची घालमेल सांगायची झाली तर उधेड़बुन, म्हणजे उसवणं-विणणं. मराठीत एवढा नेमका शब्द नाही, याचा मला जरा हेवा वाटतो.

शेफरबाईंचं प्रकरण गंभीर आहे. त्या ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या पत्नी. नवरा-बायकोंनी १९५५ साली स्वित्झर्लंडच्या एका डोंगरी खेड्यात 'लाब्री' सुरू केलं. मनात प्रश्न घेऊन येणारा कुणीही तिथे येऊन राहू शके. म्हणजे पाहुण्यांना खळ नाही. त्यांचा युक्तिवाद असा, की ईश्वर निर्माता आहे, माणूस त्याच्या प्रतिमेत घडलेला, तेव्हा निर्मिती हा माणसाचा स्वभावच. ज्याला चित्रकार किंवा वादक होता आलं नाही त्याने ती रोजच्या जगण्यात उतरवावी. ताट कसं मांडावं, खोलीत फुलं कशी ठेवावीत, पत्र कसं लिहावं, कपडे कसे शिवावेत. यात खोटं काही नाही. आमच्याकडे दारात रोज रांगोळी घालणाऱ्या बायकांना हे पुस्तक न वाचताच ठाऊक होतं.

त्यातली एक गोष्ट मला विशेष आवडली. दारात कुणी भटका भुकेला माणूस आला तर शेफरबाई त्याच्या हातावर पावाचा तुकडा टेकवत नसत. ताट नीट मांडायचं, आणि त्यात छोटासा फुलांचा गुच्छही ठेवायचा. ते फूल त्याने मागितलेलं नव्हतं. ठेवलं नसतं तरी त्याचं अडलं नसतं आणि कुणी त्यांना नावं ठेवली नसती. म्हणून मला ते फूल खरं वाटतं.

पण तेच फूल घरच्या जेवणाच्या टेबलावर रोज ठेवायचं झालं, आणि एक दिवस राहिलं की गृहिणीचं काही कमी पडलं असं ठरायला लागलं, म्हणजे मग त्या फुलाचं काय झालं? माझा आक्षेप इथे आहे. शेफरबाई घरातल्या बाईला कलावंत म्हणतात तेव्हा तिचा मान वाढतो, आणि त्याच वाक्यात तिच्या कामाच्या यादीत सौंदर्य हे नवं काम चढतं. आधी पोळ्या नुसत्या वेळेवर लागत, आता त्या हसऱ्या चेहऱ्याने आणि फुलांसकट लागतात.

आपल्याकडचं रुखवत आठवा. मुलीने स्वतःच्या हाताने केलेलं भरतकाम, क्रोशाचे रुमाल, मण्यांची तोरणं लग्नाच्या मांडवात मांडून ठेवायची आणि वरपक्षाने फिरून पाहायची. आता बरंचसं विकत किंवा भाड्याने मिळतं, पण मूळ कल्पना तीच. हे कलेचं प्रदर्शन होतं यात शंका नाही, कारण काही रुखवतं मी डोळे भरून पाहिली आहेत. पण ते हमीपत्रही होतं. या मुलीचा हात रिकामा राहणार नाही याची हमी.

घरकामाला नुसतं शून्य मानण्याची सोय तर आपल्याकडे होतीच. २००१च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या बायका भिकारी, वेश्या आणि कैदी यांच्याबरोबर अनुत्पादक गटात मोडल्या होत्या. २०१० साली एका अपघात-भरपाईच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कडक शब्दांत नापसंती नोंदवली. एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला दडलेली कला. शून्य किंवा देवत्व. मधला साधा शब्द, की हे काम आहे आणि ते कुणीतरी करावं लागतं, तो कुणी वापरत नाही.

तत्त्वज्ञानात हा मधला शब्द शोधायला गेले तर हाना आरेन्ट भेटते. 'द ह्यूमन कंडिशन' या १९५८च्या पुस्तकात तिने श्रम आणि निर्मिती वेगळी केली. श्रम म्हणजे जे जगण्याच्या चक्रात फिरतं आणि होताक्षणीच संपायला लागतं. रांधलं की खाल्लं जातं, धुतलं की मळतं. निर्मितीतून वस्तू उभी राहते आणि करणाऱ्याच्या मागेही राहते. वाचताना मला हसू आलं, कारण हा आपला टाकाऊ-टिकाऊचाच हिशेब, फक्त जर्मन शिस्तीत मांडलेला. आणि स्वेटर त्यात नीट बसत नाही. विणलेलं कापड म्हणजे एकाच धाग्याचे एकमेकांत अडकवलेले फासे. प्रत्येक ओळ वरच्या ओळीने धरलेली, आणि शेवटची ओळ बंद केलेल्या टाक्यांनी. ते शेवटचं टोक सोडवून ओढलं की सगळा स्वेटर पुन्हा गुंडा होतो. मागावरच्या कापडाचं असं होत नाही, तिथे उभे-आडवे धागे वेगळे. आमच्या घरी मूल वाढलं की स्वेटर उसवायचा, कुरळी झालेली लोकर लडी करून कोमट पाण्यात बुडवायची, वाळवायची, आणि धाकट्यासाठी दुसरा रंग जोडून नवा विणायचा. मी तिसऱ्या पिढीची लोकर अंगावर घातली आहे. ती वस्तू टिकाऊ होती की टाकाऊ?

म्हणून टिकणं हा निकष मला पुरत नाही. त्याऐवजी मी दुसरा लावून पाहते: काम अर्धवट सोडता येतं का. कार्डिगनची बाही मुंढ्याशी येऊन तीन आठवडे थांबली आहे. कुणी उपाशी नाही, कुणी रागावलेलं नाही. मी ती उसवू शकते, रंग बदलू शकते, पुढच्या थंडीपर्यंत ट्रंकेत टाकू शकते. गॅसवरची डाळ अशी सोडता येत नाही. घरातलं जे काम सोडता येतं, त्यातच करणारीची मर्जी शिरते, आणि मर्जी शिरल्याशिवाय त्याला सर्जन म्हणणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं. डाळीला सुंदर फोडणी बसते हे खरं. पण फोडणी सुंदर बसते म्हणून डाळ करण्याची सक्ती नाहीशी होत नाही.

यावर कुणी म्हणेल, पेणच्या मूर्तिकाराचं काय? त्याला चतुर्थीच्या आत गणपती हातावेगळे करावेच लागतात, एकही अर्धवट सोडता येत नाही, म्हणून तो कलावंत नाही का? आहे. पण त्याच्या कामाला काम म्हणतात, त्याचे पैसे ठरतात, आणि गणपती केले नाहीत तर त्याच्या चारित्र्याबद्दल कुणी बोलत नाही. मला वाटतं इतका फरक पुरेसा आहे, जरी मूर्तिकाराच्या बायकोचा हिशेब पुन्हा वेगळा निघेल.

देशातल्या वेळेचा हिशेब सरकारने २०१९ साली केला. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची त्या कामात दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटं गेली होती, पुरुषांची ९७. आणि मुळात दिवसभरात असं काम केलेल्या बायका ८१ टक्के, पुरुष २६ टक्के. शेफरबाईंच्या पुस्तकासारखी पुस्तकं त्या २६ टक्क्यांसाठी का लिहिली जात नाहीत, हा प्रश्न मी इथे नुसता ठेवून पुढे जाते. मला कुतूहल होतं ते माझ्या विणकामाचं. अशा हिशेबात स्वतःच्या वापरासाठी वस्तू बनवणं हा एक रकाना असतो आणि फुरसत-छंद यांचा दुसरा. माझं विणकाम दोन्हीकडे जाऊ शकतं. पोळ्यांना एकच रकाना.

आता निकषाची दुसरी बाजू. सोडता येणं हा विणकामाचा अंगभूत गुण मुळीच नाही. आत्याच्या घरात अकरा माणसं. दिवाळी झाली की तिच्या सुया सुरू होत आणि संक्रांतीपर्यंत थांबत नसत. माळव्याची थंडी पोरांना बाधू नये म्हणून. मला एकदा तिने विचारलं होतं, "तुला विणायला आवडतं म्हणजे नेमकं काय गं?" तिचा प्रश्न उपरोधिक नव्हता, तिला खरंच समजत नव्हतं. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांवरच्या बायका पाठीवर इंधनाच्या दलदली मातीची टोपली घेऊन चालता चालता विणत, कारण हात मोकळे होते आणि ते वाया घालवणं परवडत नव्हतं. त्यांच्या विणकामाच्या बदल्यात व्यापारी रोख पैसे न देता चहा-कापड देत. १८७२ साली त्याची सरकारी चौकशी झाली. आज त्याच बेटांचे नमुने जगभरच्या हौशी बायका महागडी लोकर आणून विणतात. मी विणू लागले की मला शांत वाटतं, याचं मोठं श्रेय लुधियानाच्या यंत्रांना आहे. दुकानात स्वेटर स्वस्त मिळतो म्हणून माझा स्वेटर कुणाला लागत नाही, आणि कुणाला लागत नाही म्हणून तो माझा आहे.

हे इथवर बरं चाललं होतं. पण जात्यावरच्या ओव्यांपाशी माझा निकष अडखळतो. पहाटे दळायला बसलेल्या बायकांनी महाराष्ट्रात केवढं काव्य रचलं! हेमा राईरकर आणि गी पॉइत्वां यांनी सहकाऱ्यांबरोबर गावोगावी फिरून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात आणि घरात राबताना सुचलेली त्यांची गाणी मुलाने, कवी सोपानदेवांनी, जपली म्हणून त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली पुस्तकरूपात आली. दळणाइतकं न सोडता येणारं काम दुसरं कुठलं? पीठ नाही तर भाकरी नाही. तरी तिथेच काव्य झालं, आणि माझ्या चार वर्षांच्या पांघरुणातून तसलं काही होण्याची लक्षणं नाहीत.

मी या ओव्यांविषयी अशी समजूत करून घेते: त्या बायका दळणाला कला म्हणत नव्हत्या. दळण दळणच होतं, ओव्यांमध्ये त्याच्या कष्टाची तक्रारही आहे. कला शेजारी चालली होती, गळ्यात, हात अडकलेले असताना. गळ्यावर मात्र कुणाचा हक्क नव्हता. गाणं मध्येच सोडता येत होतं, बदलता येत होतं, रागावून नवऱ्याला किंवा दिराला त्यात ओढता येत होतं. ही समजूत मला बरीचशी पटते, सगळी नाही. कारण गावात पिठाची गिरणी आली तेव्हा बायका सुटल्या आणि त्याबरोबर ओव्याही हळूहळू थांबल्या. गळा मोकळाच होता की, मग थांबल्या का? कष्टाची लय गेल्यावर गाणंही गेलं, म्हणजे दोन्ही एकमेकांत माझ्या सोयीपेक्षा जास्त गुंतलेली होती. हळहळणाऱ्यांत दळणारी बाई मला कधी भेटली नाही, एवढं मात्र नोंदवून ठेवते. आत्याला जातं आठवत होतं. गिरणीबद्दल ती देवाबद्दल बोलावं तसं बोलायची.

आमच्या घरी भांडी-फरशीला येणाऱ्या बाई बिहारच्या. माझी गच्चीवरची दुपार त्यांच्या सकाळवर उभी आहे. त्यांच्या भांड्यांचा दर मी आणि आमच्या गल्लीतल्या इतर घरांनी मिळून ठरवलेला आहे, त्यात त्यांचं मत फारसं धरलेलं नाही. गेल्या महिन्यात कपडे वाळत घालायला वर आल्या, थोडा वेळ माझ्या सुयांकडे पाहत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आंटी, इतना टाइम मुझे मिले तो मैं सो जाऊँ।" चेष्टेने म्हणाल्या, पण मी दिवसभर त्यावर विचार करत होते. अर्धवट सोडता येणारं काम, मर्जी, सर्जन, हे सगळं झोप पुरी झालेल्या माणसाचं बोलणं आहे. त्यांच्या मोकळ्या वेळेवर पहिला हक्क पाठीचा आहे. त्यांना कुणी घरातल्या दडलेल्या कलेविषयी सांगायला गेलं तर त्या ऐकतील, कारण त्या सभ्य आहेत.

त्यांच्या नातवाला एक स्वेटर विणून देऊ का, असं मी विचारलं. उरलेली मरून लोकर होती, तिचा विचार मी मनात केला होता. त्या म्हणाल्या, मरून नको, निळा. आणि गोल गळा नको, कॉलर हवी, पुढे चेन हवी, बाजारातल्यासारखी. "हाथ का नहीं लगना चाहिए।" मला क्षणभर वाईट वाटलं, मग कळलं. माझ्या घरात हाताने विणलेलं म्हणजे हौस. त्यांच्या घरात हाताने विणलेलं म्हणजे विकत घेता आलं नाही. मूल शाळेत जातं, बाकीची मुलं पाहतात.

तेव्हा निळी लोकर आणली आहे. संक्रांतीला त्या गावी जाणार, त्याआधी स्वेटर व्हायला हवा, म्हणून कार्डिगन आणि पांघरूण दोन्ही बाजूला आहेत आणि रोज रात्री दिव्याखाली बसून मी ठरवून वीस ओळी विणते. यंत्रासारखे एकसारखे टाके यावेत म्हणून सुया एका नंबराने बारीक घेतल्या. कॉलर दोनदा उसवून जमली. चेन बसवणं मात्र माझ्या हातचं नाही, विणलेलं कापड ताणतं आणि चेनीला लाटा येतात. कोपऱ्यावरच्या शिंप्याला विचारलं आहे. तो म्हणाला, आधी आतून पट्टी लावावी लागेल, पट्टी निळीच आणा.